सुतळीचा चौकोन आणि ५८ पोरं

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या एका गावातून शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्या सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतात. स्वतः गणित घेऊन बी.एस्सी. झाल्या, पण शाळेत विज्ञानाला शिक्षक नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी तो विषय त्यांच्याकडे आला. यंदाच्या सातवीत ५८ मुलं आहेत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि त्यात भिंगाला बुरशी धरलेला एक सूक्ष्मदर्शक. गेल्या जानेवारीत त्या तेव्हाच्या सातवीला शाळेमागच्या बांधावर झाडं दाखवायला घेऊन गेल्या. एका मुलाचा हात खाजकुयलीच्या शेंगांना लागला, तो रडत घरी गेला, दुसऱ्या दिवशी वडील शाळेत येऊन बरंच बोलले. तेव्हापासून मुख्याध्यापकांनी मुलांना वर्गाबाहेर नेणं बंद केलं आहे. त्या विचारतात, ‘व्हिडिओ दाखवून धडे संपवू का? एक विक्रेता १५ हजारांचं विज्ञान किट देतो म्हणतोय, ते शाळेला घ्यायला लावू का? मला झाडांची नावं येत नाहीत. पोरं विचारतात तेव्हा मी गप्प होते. गणिताच्या बाईनं हा नाद सोडावा का?’

ताई,

खाजकुयलीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात तीच सगळ्यात जास्त सलते आहे. त्या शेंगेवरची सोनेरी कुसं कातडीत घुसली की आग होते, आणि माणूस चोळायला लागला की ती आणखी पसरते. अशा वेळी चोळू द्यायचं नाही. सेलोटेप चिकटवून कुसं ओढून काढायची, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. एवढी माहिती आणि टेपची एक गुंडाळी तुमच्याजवळ असती, तर ते प्रकरण अर्ध्या तासात मिटलं असतं. तुमच्याकडून राहिलं ते इतकंच, की मुलांना न्यायच्या आधी बांध एकटीनं फिरून बघितला नव्हता. ही चूक सुधारता येण्याजोगी आहे. तिच्यापायी सातवीची पोरं वर्षभर चार भिंतींत बसावीत एवढी ती मोठी नाही.

आता तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांकडे येते. ‘मी गणिताची’ आणि ‘वर्गात ५८ मुलं’. ही दोन्ही तुम्ही अडचणी म्हणून लिहिली आहेत. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि मला ही दोन्ही वाक्यं उलटी दिसतात. परिसराचा अभ्यास म्हणजे बराचसा मोजण्याचा अभ्यास. एका जागेत किती प्रकार, कुठे जास्त, कुठे कमी, पावसाळ्यात किती आणि उन्हाळ्यात किती, हे मोजायचं. एका मुलानं दहा मटकीचे दाणे भिजवून किती रुजले ते सांगितलं, तर ती नुसती गंमत होते. ५८ मुलांनी दहा-दहा भिजवले की ५८० दाण्यांचा हिशेब हातात येतो. त्याची टक्केवारी, सरासरी, आलेख हे तुमच्याइतकं नीट कोण शिकवणार? मी वनस्पतिशास्त्राची होते, मला नावं यायची. पण मुलांनी आणलेल्या आकड्यांचं काय करायचं हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर कितीतरी वर्गांच्या वह्या मी नुसत्या सह्या करून परत दिल्या होत्या. ती खंत अजून आहे.

नावांबद्दल एक अनुभव सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं. सहावीतल्या एका मुलीनं मला हाताला धरून नेलं आणि पानावरचा काळपट-पांढरा डाग दाखवला. मी म्हटलं, ‘चिमणीनं घाण केलीय, हात लावू नको.’ ती हलेना. म्हणाली, ‘बाई, ही घाण काल त्या पानावर हुती.’ मी वाकून बघितलं. तो सुरवंट होता. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढणाऱ्या फुलपाखरांचे सुरवंट लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात, म्हणजे पक्षी त्यांच्याकडे बघत नाहीत. मोठे झाले की हिरवे होतात. काडीनं हलकेच टोचलं की डोक्यामागून तांबडी, जिभेसारखी दिसणारी दुहेरी शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. हे सगळं त्या मुलीनं पुढच्या तीन आठवड्यांत आम्हाला दाखवलं. फांदी बरणीत, बरणीच्या तोंडाला फडकं, रोज ताजा पाला. कोष झाला, दहा-बारा दिवसांनी फुलपाखरू निघालं, पंख वाळेपर्यंत फडक्याला लटकून राहिलं. त्या फुलपाखराचं नाव मला तेव्हा येत नव्हतं, आणि नाव येत नाही म्हणून त्या मुलीचं काही अडलं नाही. तिनं पहिल्या दिवशी केलं ते एकच, काल बघितलेली जागा आज पुन्हा बघितली. तुमच्याकडून मला तेवढंच हवं आहे. वर्षातून एक सहल काढण्यापेक्षा एकाच जागेकडे वर्षभर परत परत जा.

ती जागा शाळेच्या कुंपणाच्या आतच निवडा. पहिले तीन महिने फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, म्हणजे मुख्याध्यापकांशी वादच नको. साडेचार मीटर सुतळी घ्या, चार मीटर चौकोनाला आणि उरलेली गाठींना. चार काड्या रोवून एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन करा. पाच-सहा जणांचे दहा गट होतील. पाच चौकोन पोरं रोज तुडवतात तिथे, म्हणजे कबड्डीच्या मैदानाकडेला किंवा नळाच्या वाटेवर. उरलेले पाच कुंपणाजवळ, जिथे कुणी फिरकत नाही. काड्या कुठे रोवायच्या हे पोरांना ठरवू देऊ नका, ती फुलं बघून रोवतात. डोळे मिटून खडा टाकायचा, पडेल तिथे चौकोन.

मग गुडघे टेकून बसायचं आणि लिहायचं. वेगवेगळ्या दिसणाऱ्या झाडोऱ्याचे प्रकार किती? सगळ्यात उंच किती सेंटीमीटर? फुलावर काय आलंय? हलणारं काय दिसलं? नाव येत नसेल तर गटानं स्वतः नाव ठेवायचं आणि पानाचं चित्र काढायचं. आमच्या पोरांनी ‘तीनपानी’, ‘खरखरी’, ‘आजीची वेणी’ अशी नावं ठेवली होती आणि ती वर्षभर चालली. पहिली दहा मिनिटं गोंगाट होतो. ‘हितं काय न्हाई मॅडम, नुसतं गवत हाय,’ असं ओरडतील. ओरडू द्या. पंधराव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, ‘ह्ये गवत आणि त्ये गवत येगळं हाय की!’ तिथून पुढे तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

तुडवलेल्या चौकोनांत प्रकार तीन-चारच्या वर सहसा जात नाहीत, कुंपणाजवळ दहाच्या पुढे सहज जातात. आता प्रश्न विचारा, की तुडवून जगली ती कशी जगली? हरळीचं गवत उपटून बघायला सांगा. तिचं खोड जमिनीलगत आडवं पळतं आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरतं. वरचं पान चिरडलं तरी वाढीची जागा खाली शाबूत राहते. सातवीच्या पुस्तकात ‘अनुकूलन’ म्हणून वाळवंटातला उंट आणि निवडुंग असतात. पोरांनी उंट बघितलेला नसतो. हरळी त्यांच्या पायाखाली आहे. धडा तोच आहे, पुस्तकाचंच काम होतंय.

चौकोनांच्या कोपऱ्यांत खिळे ठोकून ठेवा. ऑगस्टमध्ये मोजलंत तेच डिसेंबरला आणि मार्चमध्ये मोजा. दहा चौकोन, तीन ऋतू, तीस आकडे, एक आलेख. गणिताचा तासही यातच जमेल, दोन्ही विषय तुमचेच आहेत.

नावांसाठी गावाकडे बघा. शेतकऱ्याला तण ओळखावंच लागतं. केना, आघाडा, घोळ, टाकळा, एकदांडी, लाजाळू यांतलं एकही नाव मला पुस्तकातून मिळालं नव्हतं, खुरपायला आलेल्या बायकांनी सांगितलं. पोरांना गृहपाठ द्या: हे रोप घरच्या मोठ्या माणसाला दाखवून नाव आणि उपयोग लिहून आणा. टाकळ्याची भाजी होते हे आजी सांगेल, घोळीचीही होते म्हणेल. यातून आणखी एक गोष्ट साधते. शाळा पोरांना चिखलात का बसवते हे घरी आपोआप कळतं, आणि कळलं की तक्रार बरीच मऊ पडते.

एका तणाबाबत मात्र सावध राहा. गाजरगवत हातानं उपटू देऊ नका, काहींना त्यानं अंगावर पुरळ येतं, दम लागतो. पण लांबून बघा जरूर. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची पहिल्यांदा नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. त्याला खाणारा भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोहून मुद्दाम आणला आणि मग आपल्याकडे सोडला. पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळणीसारखी झालेली दिसली तर खाली बघा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला, तुरीच्या दाण्याएवढा किडा सापडेल. कोण कुणाला खातं हे फळ्यावर काढण्यापेक्षा हे बघून येणं बरं.

आता पाण्याचं. पंचगंगेवर पसरलेली जलपर्णी तुमच्या पोरांनी बघितलेली आहे, कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या हिरव्या पाण्याबद्दल मोठ्यांचं बोलणं ऐकलेलं आहे. पण नदी हिरवी का होते, हे त्यांनी स्वतः करून बघितलेलं नाही. तीन सारख्या पारदर्शक बरण्या घ्या. गावच्या तळ्याचं पाणी तुम्ही स्वतः एकदाच बादलीनं आणा, पोरांना काठावर नेऊ नका. तिन्ही बरण्यांत सारखं पाणी भरा. पहिली तशीच ठेवा. दुसरीत डीएपीचे चार-पाच दाणे टाका. उसाला घालतात तेच खत, कुणाच्याही घरी असतं. तिसरीतही तेवढेच दाणे टाका, पण ती कपाटात अंधारात. पहिल्या दोन खिडकीत उजेडाला.

दहा-पंधरा दिवसांत खत घातलेली खिडकीतली बरणी बाकी दोघींपेक्षा ठळक हिरवी दिसायला लागते. पण ‘हिरवी दिसते’ एवढ्यावर थांबू नका, मोजा. कागदावर काळी फुली काढा, त्यावर उंच काचेचा पेला ठेवा आणि बरणीतलं पाणी ढवळून हळूहळू ओता. वरून बघणाऱ्याला फुली दिसेनाशी झाली की पाण्याची उंची पट्टीनं मोजा. पेला भरूनही फुली दिसत राहिली तर तसं लिहा. दर तिसऱ्या दिवशी हे करा, पाणी परत बरणीत.

खतातलं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात गेलं की शेवाळाला खाऊ मिळतो, उजेड असेल तर ते भराभर वाढतं. पुढे ते मरतं, कुजतं, कुजवणारे सूक्ष्मजीव पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे तडफडतात. शेतातलं जादा खत आणि गावाचं सांडपाणी नदीत हेच काम करतं. जलपर्णीचं गणितही मांडा. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल पाण्यात साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. आज एक रोप असेल तर वीस आठवड्यांनी किती? दहा वेळा दुप्पट, १०२४. पोरांना आधी अंदाज करू द्या, मग वहीत सोडवू द्या. घातांकाचा धडा इतका नदीजवळ कुणी नेला नसेल. आणि पोरं शेतकऱ्यांची आहेत, तेव्हा बापाला दोष देणारा प्रयोग होऊ देऊ नका. किती खत पिकाला लागतं आणि किती वाहून जातं, असा प्रश्न ठेवा. त्यावर घरी चर्चा होऊ द्या.

मुसळधार पावसाचे दिवस असतात तेव्हा मटकी आहेच. मिसळीच्या गावात मटकीला मोड आणायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण ओल्या फडक्यात, कोरड्या फडक्यात, पाण्यात पूर्ण बुडवून, अंधारात आणि फ्रिजमध्ये असे पाच प्रकार केले की बी रुजायला काय लागतं आणि काय लागत नाही हे पोरांना स्वतःलाच कळतं. उजेड लागत नाही याचं त्यांना फार नवल वाटतं. दह्याचंही तसंच. कोमट, गार आणि कडकडीत दुधात विरजण लावून तीन वाट्या घरी ठेवायच्या, सकाळी बघायचं.

ऊसतोड सुरू झाली की आणखी एक करा, मला हा प्रयोग मनापासून आवडतो. ज्याच्या शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळलं त्या शेतातली ओंजळभर माती, आणि ज्यानं पाचट न जाळता सरीत कुजू दिलं त्याच्या शेतातली पाचटासकट ओंजळभर माती, दोन्ही पिशव्यांत आणायला सांगा. दोन लिटरची बाटली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तोंडाला भाजीच्या पिशवीची जाळी लावा, खालच्या भागात ओला कागद ठेवा. माती वर घाला आणि वरून जुना तारेचा ४० वॅटचा बल्ब लावा. एलईडी चालत नाही, त्याची ऊब पडत नाही. बल्ब मातीला चिकटू देऊ नका आणि रात्री शाळा बंद करताना काढून ठेवा. माती वरून वाळत जाते तसे आतले जीव उजेड आणि कोरडेपणा टाळत खाली उतरतात आणि कागदावर पडतात. टुणकन उडणारे पांढरे कण, टाचणीच्या टोकाएवढे कोळी, मुंग्या, बारके भुंगेरे. दोन बाटल्या शेजारी ठेवून मोजायचं आणि मोजून झालं की जीव परत मातीत सोडायचे. कोणत्या शेतात किती निघाले हे आधी सांगून टाकू नका.

दगडफूल राहिलंच. ज्या घरी कांदा-लसूण मसाला होतो तिथे ते डब्यात असतं. एक बुरशी आणि एक शैवाल एकत्र राहून बनलेला तो जीव हातात देऊन मग शाळेतल्या आंब्याच्या खोडावरचे करडे चट्टे दाखवा, तेही तसलेच जोडजीव. दूषित हवा त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना सोसत नाही. पारदर्शक प्लास्टिकवर दहा बाय दहा सेंटीमीटरची चौकट आखून रस्त्याकडेच्या झाडावर आणि आतल्या झाडावर किती घरं भरली ते मोजता येतं. खरवडायचं मात्र नाही, ते फार सावकाश वाढतं.

किटबद्दल विचारलंत. १५ हजार घालू नका. शाळेचे दोन पैसे निघत असतील तर दहा हातभिंगं आणि तीन-चार फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या गटानं बनवलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला की पेशींच्या विटा दिसतात. कपाटातल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाचं भिंगही एकदा साफ करून घ्या, तो कदाचित अजून कामाचा असेल. व्हिडिओ दाखवा, पण मागून. आधी पोरांनी स्वतः कोष बघितलेला असावा, मग पडद्यावरचं फुलपाखरू त्यांना त्यांचं वाटतं.

मुख्याध्यापकांवर रागावू नका. काही झालं की पहिलं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. त्यांच्याकडे तोंडी विनंती घेऊन जाऊ नका, एक पानाचा कागद घेऊन जा. कोणता धडा, कोणती जागा, किती मिनिटं, सोबत दुसरं मोठं माणूस कोण, जागा आधी कुणी बघितली, प्रथमोपचारात काय आहे. पायात बूट, दगडाखाली हात नाही, झुडपात आधी काठी, परतल्यावर साबणानं हात. पावसाळ्यात ओढा आणि नदीकाठ वर्ज्य. पक्ष्यांची घरटी-अंडी काढायची नाहीत, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे हेही पोरांना सांगा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितलेले आहेत, त्यांतले दोन मागून घ्या. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. दिवाळीची सुटी आडवी आली नाही तर त्यातल्या एका सकाळी रंकाळ्याच्या चौपाटीवर अर्धा तास बसून फक्त बगळे, पाणकावळे आणि टिबुकल्या मोजा. बाकीचे पक्षी पुढच्या वर्षी.

राहिला तो मुलगा. तो आता आठवीत असेल, आणि हे प्रकरण त्याच्याही मनात असणारच. त्याच्या घरी एकदा जाऊन या. वडिलांसमोर जागा आधी बघितली नव्हती हे सरळ कबूल करा. मग त्यांना विचारा, बांधावर आणखी काय काय असतं ज्याला पोरांनी हात लावू नये? शेतात राबणारा माणूस आहे, तुम्हाला दहा गोष्टी सांगेल. जमलं तर त्यांनाच एका शनिवारी शाळेत बोलवा. आणि वर्गात ‘हात लावू नका’ असा एक तक्ता करा. त्यावर खाजकुयलीचं चित्र त्या मुलाला काढू द्या, तीन-तीन पानांचा वेल, आणि शेंग मात्र मोठी, कुसांसकट.